‘अंगी’ आणि ‘जवळ’ : मंत्रसिद्ध वस्तूंच्या मोलाचा प्रश्न

‘त्याला दोन भाऊ आहेत’, ‘त्याच्या अंगी बळ आहे’ आणि ‘त्याच्याजवळ तलवार आहे’ ही तिन्ही वाक्ये मराठीत स्वामित्व सांगतात. परंतु त्यांतील संबंध एकाच जातीचा नाही. तलवार हिरावून घेता येते, बळ तसे घेता येत नाही. बोलीत ही रेषा पुष्कळदा पुसट होते. तथापि ती भाषेच्या घडणीतच आहे, यात शंका नाही. मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत हाच भेद आकड्यांच्या रूपाने अवतरतो, आणि नियमकर्त्यांना तो गेली पन्नासहून अधिक वर्षे सतावीत आला आहे.

अशा खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, संचालक प्रसंग व प्रतिपक्ष उभे करतो, आणि कृती साधली की फसली याचा निर्णय फाशांवर होतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांत्रिकाचे सामर्थ्य पातळीगणिक त्याच्या मंत्रांतून वाढे. योद्ध्याची वाढ मात्र बव्हंशी सापडलेल्या शस्त्रांवर अवलंबून असे. मंत्रसिद्ध तलवार मांत्रिकाला वापरता येत नसे. म्हणजे वस्तू आणि अंगभूत गुण यांचा तोल हा मुळात योद्धा आणि मांत्रिक यांच्यातील तोल होता, आणि तो साधण्याचे काम नियमांपेक्षा दैवाकडे व संचालकाच्या विवेकाकडे सोपविलेले होते. (मांत्रिकाचे ज्ञानही एका पोथीत असे, आणि पोथी जळू शके, हा भाग वेगळा.)

२००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीने हा विवेक कोष्टकात बांधला. शस्त्रावरील मंत्राच्या अंकाचा वर्ग करून त्याला दोन हजारांनी गुणावे, ही त्याची किंमत : अधिक एकच्या तलवारीला २,००० सुवर्णनाणी, अधिक दोनला ८,०००, अधिक पाचला ५०,०००. कोणत्या पातळीच्या पात्राजवळ एकूण किती संपत्ती असावी, हेही ठरविले गेले. दहाव्या पातळीला ४९,०००, विसाव्या पातळीला ७,६०,०००. ही व्यवस्था नीटस आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की, तलवार हे नशीब न राहता वेतन बनले. प्रतिपक्षाचे आकडे ती तलवार गृहीत धरूनच रचलेले असल्यामुळे ती मिळाल्याने पात्र वरचढ होत नसे. न मिळाल्यास मात्र मागे पडे. मिळून लाभ नाही आणि न मिळून तोटा आहे, अशा गोष्टीला देणगी कशी म्हणावी? चौथ्या आवृत्तीच्या २००९ मधील संचालक-ग्रंथाने, आणि पुढे ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या २०१५ मधील पर्यायी नियमांनी, हे अधिकांक वस्तूंतून काढून थेट पात्राच्या पातळीला जोडण्याची मुभा दिली. खेळ मोडला नाही. ते अंक नावापुरतेच ‘जवळ’चे होते, हिशेबात ते प्रथमपासून ‘अंगी’चेच होते, ही गोष्ट यावरून पुरेशी स्पष्ट होते.

राक्षसी बळ देणाऱ्या हातमोज्यांचा इतिहास याहून उद्बोधक आहे. १९७९ च्या ग्रंथात ते घालणाऱ्याला योद्ध्याच्या सर्वोच्च मानवी बळाचा अंक मिळे. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी असलेल्या बळात केवळ दोनाची भर घातली. किंमत ४,००० नाणी. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ते बळाचा अंक १९ करून टाकतात. बेरीज आणि आदेश यांतील हा फरक केवळ गणिती नाही. भर घालणारी वस्तू पात्राच्या मूळ गुणाचा मान राखते. आदेश करणारी वस्तू, व्याकरणातील आदेशाप्रमाणे, मूळ रूप पुसून त्याच्या जागी दुसरे बसविते. आठ बळाचा दुबळा आणि सोळा बळाचा मल्ल तिच्यापुढे सारखेच ठरतात. ज्या खेळाडूने पातळ्यामागून पातळ्या खर्चून बळ १९ वर आणले, त्याला हातमोजे काहीच देत नाहीत. कष्टाने कमाविलेल्या गुणाची अशी उपेक्षा करणारा नियम सोपा असला तरी न्याय्य म्हणता येत नाही.

याउलट ‘अचल दांडा’ घ्यावा. कळ दाबली की तो हवेत जेथल्या तेथे स्थिर होतो आणि ८,००० पौंडांपर्यंतचा भार पेलतो. पाचव्या आवृत्तीत हातमोजे व दांडा यांची दुर्मिळतेची श्रेणी एकच आहे. परंतु दोहोंना एका तागडीत घालणे व्यर्थ होय. हातमोजे पात्राच्या आधीच्याच क्रियेला प्रत्यय लावतात. दांडा त्याला एक नवे क्रियापद देतो. ते कोठे योजावे, दाराला अडसर म्हणून, दरीवर पायरी म्हणून, की अजगराच्या जबड्यात, हे खेळाडूच्या कल्पकतेवर राहते. येथे वस्तू गुणाची जागा घेत नाही, त्याला काम देते.

पाचव्या आवृत्तीतील ‘अनुसंधाना’चा नियम या भेदाच्या अगदी जवळ येतो. काही वस्तूंशी पात्राने विश्रांतीच्या वेळी मनाचा बंध जोडावा लागतो, आणि असे बंध एका वेळी तीनांहून अधिक नसावेत. कर्णाची कवचकुंडले जन्मतः अंगाची होती. ती कापून दिल्यावर मिळालेली शक्ती मात्र जवळची होती आणि एकदाच वापरता येणारी होती. अशा दोन टोकांमधली अवस्था हा नियम वर्णितो. हातमोज्यांना बंध लागतो, दांड्याला लागत नाही. येथवर विभागणी मार्मिक आहे. परंतु अधिक एक ते अधिक तीन या साध्या अधिकांकांच्या तलवारींनाही नियमकर्त्यांनी बंधातून वगळले, आणि तेथे तर्क ढळला. या आवृत्तीत पात्राच्या प्रावीण्याचा अंक विसाव्या पातळीपर्यंत दोनावरून सहावर जातो, म्हणजे जन्मभराची वाढ चाराची. अधिक तीनची तलवार त्यातले तीन एका क्षणात, कोणताही बंध न मागता, हाती ठेवते.