कुष्ठरोग संपला, असे कोण म्हणते?

कुष्ठरोग आता राहिलेला नाही, असे आपण सहज बोलून जातो. या समजुतीला आकड्यांचा आधार आहे. पण तो आकडा नीट वाचला पाहिजे.

१९८३ पासून राबवलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच ‘निर्मूलन’ आहे. २००५ अखेर भारताने गाठले ते उद्दिष्ट मात्र मर्यादित होते: दर १०,००० लोकांमागे उपचाराखालील रुग्ण १ पेक्षा कमी. देवी नाहीशी झाली, तसे हे नव्हे. शिवाय हा आकडा उपचार किती काळ चालतो यावरही अवलंबून असतो. पूर्वी वर्षानुवर्षे चालणारा उपचार बहुविध औषधांमुळे ६ किंवा १२ महिन्यांवर आला. उपचार संपला की नोंदवहीतले नाव कमी होते. म्हणून नवे रुग्ण तेवढेच राहिले, तरी हा आकडा घटतो. खरी कसोटी नव्या रुग्णांची. २०२३ मध्ये भारतात ते १ लाखाहून अधिक होते. जगातील निम्म्याहून जास्त.

या जंतूची वाढ अतिशय मंद असते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे, क्वचित २० वर्षेही जातात. तेव्हा रोग ओळखणारे डोळे पुढेही हवेतच. आमची टीका येथे आहे. त्वचारोगाच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण प्रत्येक दवाखान्यात असतात, तरीही एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात त्वचारोगाला काही आठवडेच मिळतात आणि त्याची स्वतंत्र परीक्षा नसते. परीक्षेत जे नाही, ते विद्यार्थी किती वाचणार, हे शिक्षकांना सांगायला नको. मग न खाजणारा फिकट चट्टा गजकर्ण समजला जातो, मलम दिले जाते आणि दरम्यान मज्जातंतू निकामी होत राहतात. चट्टा बरा होतो. वाकडी झालेली बोटे बहुधा पूर्ववत होत नाहीत.

नवी मुंबई परिसरात नेरूळ आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. अंतर थोडे आहे. भावी डॉक्टरांचे काही शिक्षण अशा ठिकाणी सक्तीचे करणे अवघड नाही. टांझानियात मोशी येथे १९९२ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना त्वचारोगाचे खास प्रशिक्षण दिले जाते. तज्ज्ञ कमी असतील, तर त्यांचे ज्ञान इतरांपर्यंत पोचवावे, हा त्यामागचा विचार आपल्यालाही लागू आहे.

शाळेतही थोडे करता येईल. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर वर्गात त्याची चर्चा करू नये. पालकांना बोलावून त्यांच्यासमोर मुलाला डोळे मिटायला सांगावे आणि कापसाच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श करावा. स्पर्श कळत नसेल, तर आरोग्य केंद्र गाठावे. मात्र स्पर्श कळला, म्हणजे कुष्ठरोग नाहीच, असे ठरवू नये. चट्टा टिकून राहिला, तर तपासणी हवीच. औषध तेथे मोफत मिळते, आणि ते सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच नाहीसा होतो. मुलाला शाळेतून काढण्याचे कारण नाही.