हैवान, पण टकलू

लहानपणी तात्या विंचूने माझी झोप उडवली होती, हे आधी कबूल करतो. तरी सकाळी उठून आम्ही हसायचोच. कारण नाव! हिंदीवाल्यांचा 'शोले'तला (१९७५) गब्बर घ्या, 'मिस्टर इंडिया'तला (१९८७) मोगॅम्बो घ्या, नावानेच घाम फुटावा. महेश कोठाऱ्यांनी काय केलं? 'थरथराट'मध्ये (१९८९) हैवान आणला, पण तो 'टकलू'. 'धडाकेबाज'मध्ये (१९९०) महाकाळ आणला, तो 'कवट्या'. आणि 'झपाटलेला'तला (१९९३) विंचू तर चक्क तात्या! आमच्या पौडच्या शाखेत निम्मी पासबुकं तात्यांचीच.

बाकी थाट अस्सल. अड्डा, पाठलाग, हाणामाऱ्या, 'डॅमिट' ओरडणारा इन्स्पेक्टर. थाटात काटकसर केली असती तर हसू येण्याऐवजी कीव आली असती. (गाण्यांत केली असती तर चाललं असतं.) इन्स्पेक्टरची मारामारी आम्ही बघायचो खरी, पण तिकिटाचे पैसे लक्ष्याच्या लटपटत्या पायांचे. तो आमच्या वतीने घाबरायचा.

परवा काउंटरवर एक 'भाई' आले. सोबत एक आजी, खात्यात जमिनीचे पैसे नुकतेच जमा झालेले. "सगळे माझ्या खात्यावर फिरवा," भाई म्हणाले. फॉर्मवर अंगठा आधीच उठवलेला. माझे पाय लक्ष्याचे झाले. मनात म्हटलं, तात्या विंचू! आणि तोंडातून निघून गेलं, "तात्या, जरा बाकावर बसा. आजी, द्यायचेत का पैसे यांना?"

"न्हाई बा," आजी म्हणाली.

भाईंनी टोपी काढून घाम पुसला.

टक्कल होतं!