अनुशेष कीं अडगळ ?

टीकेचा विषय म्हणजे पुस्तक, फार तर नाटक किंवा चित्रपट, असा या मासिकाच्या वाचकांचा समज असणें साहजिक आहे. पण जी कृति स्वतःची परिभाषा घेऊन येते आणि त्या परिभाषेनें असंख्य माणसांच्या विचाराला नकळत वळण लावते, तिची परीक्षा साहित्याच्या अभ्यासकानें कां करूं नये? आमच्या घरांतील मुलें-सुना ज्या कचेऱ्यांत काम करतात, तेथें सकाळीं पहिलें उघडावयाचें पान आज वर्तमानपत्राचें नसतें. पुष्कळदां तें ‘जिरा’ नांवाच्या सॉफ्टवेअरचें असतें. त्याच्या एकाच अंगाविषयीं येथें लिहावयाचें आहे : हातीं घेतलेलें काम ‘बॅकलॉग’मध्यें सरकविण्याची सोय.

नांवाचा खुलासा प्रथम करतों. जिऱ्याशीं त्याचा संबंध नाहीं. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें २००२ सालीं स्थापन झालेल्या ॲटलासियन कंपनीचें हें अपत्य. तेथील मंडळी सॉफ्टवेअरांतील दोष नोंदविण्यासाठीं पूर्वीं ‘बगझिला’ वापरीत. त्यावरून त्यांना पडद्यावरचा गॉडझिला आठवला, आणि त्याचें जपानी नांव जें ‘गोजिरा’ त्याचें आद्याक्षर गळून ‘जिरा’ उरला. मराठी कानाला मात्र त्यांत ‘जिरणें’ हें क्रियापद ऐकूं येतें. हा कानाचा भ्रम अगदींच निरर्थक नाहीं, असें माझें मत झालें आहे.

‘बॅकलॉग’ हा शब्द इंग्रजीच्या विद्यार्थ्याला मोठा रम्य वाटावा असा आहे. १७ व्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ होता, भिंतींतल्या शेकोटीच्या पाठीशीं ठेवलेला मोठा ओंडका. पुढचीं लांकडें भराभर जळून जात. हा सावकाश धुमसत राही. १९ व्या शतकांत त्याला ‘पुढें उपयोगीं पडेल असा सांठा’ हा लाक्षणिक अर्थ आला आणि २० व्या शतकांत तो ‘पुऱ्या न झालेल्या मागण्यांची थकबाकी’ झाला. ऊब देणारी वस्तु तुंबलेल्या कामाचें नांव कशी झाली, हें पाहण्यासारखें आहे. आपल्याकडे सरकारी व्यवहारांत ‘अनुशेष’ हा प्रतिशब्द रूढ झाला. १९८३ सालीं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र सरकारनें प्रादेशिक असमतोलाचा विचार करण्यास समिति नेमली, आणि कोणत्या जिल्ह्याला पाटबंधारे, रस्ते, वीज यांत किती उणें पडलें याचा हिशेब तिनें रुपयांत मांडला. तो अनुशेष किती फिटला याविषयीं वाद घालावा तितका थोडा. पण विदर्भाचा माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हां देणेकरी आणि घेणेकरी दोघेहि डोळ्यांपुढें उभे राहतात. इंजिनिअरिंगच्या मुलाचा ‘बॅकलॉग’ राहतो तेव्हांसुद्धां तो विषय सुटल्यावांचून पदवी मिळत नाहीं. शब्द कोणताहि घ्या, त्यांत देणें आहे.

जिरांतील बॅकलॉगांत हें देणें आहे काय? ज्या ‘स्क्रम’ पद्धतीसाठीं ही सोय मुख्यतः घडविली, ती केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनीं १९९५ सालीं जाहीरपणें मांडली. सर्व कामांची एक क्रमवार यादी असावी, तिच्या क्रमाची जबाबदारी एकाच माणसावर असावी, आणि तींतून महिन्याहून अधिक नव्हे एवढ्या मुदतीपुरतें, म्हणजे एका ‘स्प्रिंट’पुरतें, काम मंडळानें उचलावें. जें पुरें झालें नाहीं तें यादींत परत जावें. जिरांत या पद्धतीचें चित्रच काढलेलें आहे : पानाच्या वरच्या भागांत चालू स्प्रिंट, खालीं बॅकलॉग, आणि चिठ्ठी बोटानें धरून वरून खालीं ओढावयाची. स्प्रिंट मिटवितांना तें आपण होऊन विचारतें, अपुरीं कामें कोठें पाठवूं? पुढच्या स्प्रिंटमध्यें कीं बॅकलॉगमध्यें? एक ठिकाण निवडलें कीं दहा कामें एका क्षणांत नाहींशीं होतात.

या सोयीचा गुण मी नाकारीत नाहीं. वरिष्ठाच्या मनांत आलें कीं मध्येंच नवें काम टाकावयाचें, आणि हाताखालच्या माणसानें रात्र जागवून तें उरकावयाचें, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी रीत आहे. अशा वेळीं ‘तें बॅकलॉगमध्यें टाकूं’ हें वाक्य गरिबाला ढालीसारखें उपयोगीं पडतें. हातांत किती आणि रांगेंत किती, हें उघड्या डोळ्यांना दिसणें ही लहान गोष्ट नव्हे.

दोष आहे तो निराळ्या जागीं. या पद्धतींत चिठ्ठी खालीं ओढल्यानें कामाची स्थिति बदलत नाहीं. ‘करावयाचें’ असें तिच्यावर होतें तें तसेंच राहतें. काम कोणी करावयाचें यासाठीं रकाना आहे, नोंद कोणी केली यासाठींहि आहे. तें कोणासाठीं करावयाचें, हें मात्र मुद्दाम लिहिल्याशिवाय कोठेंच दिसत नाहीं. आपल्या जुन्या कारकुनांनीं यासाठीं ‘दप्तरीं दाखल’ असा सभ्य शब्द शोधला होता. पण तो शेरा मारणारा आणि ऐकणारा दोघेहि त्याचा खरा अर्थ जाणून असत.

हें मला पुस्तकी वाचनानें कळलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कॉलेजाच्या ग्रंथालयांतील जुनीं पुस्तकें संगणकावर आणण्याचें काम निघालें. समितीचा अध्यक्ष मी होतों, आणि एका तरुण सहकाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही जिरा वापरूं लागलों. एम्. ए.च्या वर्गांतील एका अंध विद्यार्थिनीचा अर्ज होता : तिला नेमलेल्या तीन पुस्तकांच्या पानांचीं नुसतीं छायाचित्रें न ठेवतां, तिच्या वाचक-यंत्राला उच्चारतां येतील अशा अक्षररूपांत तीं द्यावीं. जुन्या छपाईचीं अक्षरें यंत्र धड ओळखीत नाहीं. प्रत्येक पान माणसानें तपासावें लागणार होतें. पंधरवडा संपला, काम अर्ध्याहून अधिक उरलें. जिरानें आपला नेहमींचा प्रश्न विचारला आणि मीं ‘बॅकलॉग’ निवडलें. पान स्वच्छ झालें. खरें सांगतों, मला समाधान वाटलें.

मीं नकार दिला असता तर तिला समोर बसवून तो सांगावा लागला असता, आणि तिनें दुसरी वाट शोधली असती. एखाद्या मैत्रिणीकडून वाचवून घेतलें असतें. होकार दिला असता तर सुटींत मला मुद्रितें तपासावीं लागलीं असतीं. त्या एका निवडीनें दोन्ही टळलें, आणि ती मुलगी सबंध सत्र वाट पाहत राहिली.

हें जाणणारेहि या व्यवसायांत आहेत. अमेरिकेंतील बेसकँप या कंपनीचे रायन सिंगर यांनीं २०१९ सालीं ‘शेप अप’ या पुस्तकांत बॅकलॉग ठेवूंच नये असें प्रतिपादिलें. सहा आठवड्यांचें काम निवडावें, न निवडलेलें सोडून द्यावें. खरोखर महत्त्वाचें असेल तें पुन्हां दार ठोठावील. या मतांत सचोटी आहे. पण दार ठोठावण्याचें बळ सर्वांच्या हातांत सारखें नसतें, याचा विचार त्यांत मला कमी दिसतो. मोठा ग्राहक पुन्हां येतो. संकोची विद्यार्थिनी येत नाहीं.

ती आली ती पदवी घेऊन झाल्यावर, प्रमाणपत्रावर सही घेण्यासाठीं. मीं पुस्तकांचा विषय काढला तेव्हां म्हणाली, “राहूं द्या सर. पण तीं करून ठेवलींत तर पुढच्यांना होतील.” ती गेल्यावर मीं चिठ्ठीचा इतिहास उघडला. जिरा तो इमानानें ठेवतें : माझें नांव, तारीख, वेळ, आधीचा स्प्रिंट, आणि नंतरच्या जागीं रिकामा रकाना. कारण कोठेंच नव्हतें, कारण तें मला कोणी विचारलें नव्हतें. नोंद करणारा म्हणून माझ्या सहकाऱ्याचें नांव होतें, तिचें नव्हतें.

तीन पुस्तकांपैकीं एक आतां पुरें झालें असून दुसऱ्याचीं साठ पानें तपासावयाचीं आहेत. चिठ्ठी मीं वर ओढली आहे, आणि तिच्या मथळ्यांत, तिची परवानगी घेऊन, अर्जदाराचें नांव लिहिलें आहे.