थांबलेले इंजिन काय शिकवते?

वाफेच्या इंजिनाचा धडा सुरू झाला, की किटलीचे झाकण उडते आणि जेम्स वॅट इंजिन शोधून काढतो. ही गोष्ट आपण शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तिच्यातली चूक जुनी इंजिने पाहून कळायला हवी. ती कळते का, हे मात्र इंजिन कसे मांडले आहे यावर ठरते. तीन उदाहरणे घेऊ.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयात १७८८ सालचे ‘लॅप इंजिन’ आहे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात ते धातूला झिलई देणारी ४३ यंत्रे चालवीत असे. १८५८ पर्यंत, म्हणजे ७० वर्षे ते राबले. आज ते स्थिर उभे आहे. पाहणाऱ्याला तुळई, चाक आणि गव्हर्नरचे दोन गोळे दिसतात. विस्तव आणि गारवा मात्र दिसत नाहीत.

खरी मेख या गारव्यातच आहे. न्यूकोमेनच्या १७१२ च्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्येच गार पाणी सोडून थंड करीत. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. पण प्रत्येक फेरीत सिलिंडरही गार पडे. तो पुन्हा तापवण्यात पुष्कळ वाफ वाया जाई. वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन गार करावी, हे वॅटला १७६५ मध्ये सुचले. हे भांडे म्हणजे संघनक. इंजिन आधीच होते. वॅटने त्याची उधळपट्टी थांबवली. थांबलेल्या इंजिनापुढे उभ्या असलेल्या मुलाला हे आपोआप कळत नाही. उलट त्याच्या मनातली किटली पक्की होते.

इंग्लंडमधल्याच क्रॉफ्टन येथे १८१२ चे बोल्टन आणि वॅट इंजिन मूळ जागी आहे. ठरावीक दिवशी ते कोळशावर चालवतात. कालव्याच्या माथ्यासाठी सुमारे १२ मीटर पाणी चढवण्याचे मूळचेच काम ते करते. विस्तव, वाफ, पाणी अशी सगळी साखळी एका जागी दिसते. आमच्या मते शिकवण्याच्या दृष्टीने ही मांडणी सरस आहे.

बर्नली येथील क्वीन स्ट्रीट मिलमध्ये १८९५ चे ‘पीस’ हे ५०० अश्वशक्तीचे इंजिन आहे. त्याच्या जोरावर तीनशेहून अधिक माग चालत. मागांचा आवाज एवढा, की विणकर स्त्रिया ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत. १९८२ मध्ये तिथला धंदा बंद झाला. मग गिरणीच संग्रहालय बनली. खर्चाच्या कपातीमुळे २०१६ मध्ये तेही बंद पडले आणि २०१८ मध्ये पुन्हा उघडले. चालते इंजिन राखणे किती नाजूक असते, ते यावरून दिसते. मुंबईच्या गिरण्याही १८५६ पासून वाफेवर चालल्या. १९१५ पासून खोपोलीची वीज आली आणि इंजिने मागे पडली. आपल्या मुलांना हा धडा परका नाही.

यावर संग्रहालयवाले म्हणतील, की चालवले तर इंजिन झिजते, भाग बदलावे लागतात आणि मूळ पुरावा नष्ट होतो. हे खरे आहे. क्रॉफ्टनचा बॉयलरही नंतरचाच आहे. म्हणून लॅप इंजिन चालवा, असा आमचा आग्रह नाही. पण त्याच्या शेजारी संघनक उघडा दाखवणारे हलते प्रारूप हवे, आणि कोळसा टाकणाऱ्या माणसाचा उल्लेखही हवा.

तोवर वर्गात एवढे करता येईल. पत्र्याच्या पेयाच्या रिकाम्या डब्यात चमचाभर पाणी उकळवा. वाफ भरपूर निघू लागली, की डबा चिमट्याने उचलून थंड पाण्यात पालथा बुडवा. तो क्षणात चेपतो. मग विचारा : हा डबा कोणी चेपला, वाफेने की हवेने? मुलांना भांडू द्या. किटलीची गोष्ट त्यानंतर सांगावी लागणार नाही.