‘कोणता फोन घेऊ?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू

पेट पास झाली, मार्गदर्शक मिळाले, की फील्डवर्कची तयारी सुरू होते आणि मला हमखास एक मेसेज येतो: "संशोधनासाठी सुरक्षित फोन कोणता घेऊ?" बरेच दिवस मी या प्रश्नाला मॉडेलचं नाव सांगून मोकळी व्हायचे. आता तसं करत नाही. का, ते सांगते.

माझा विषय पुण्यातल्या घरकामगार बायकांचा. पहिल्या वर्षी पर्वती पायथ्याच्या वस्तीत एका ताईंची मुलाखत घेतली. ज्या सोसायटीत त्या काम करायच्या, तिथे पगार कापल्याबद्दल त्यांनी तक्रार केली होती. महिनाभराने सेमिनारमध्ये मी फोन प्रोजेक्टरला जोडला, फाइल उघडायला गेले, आणि अलीकडच्या फाइलींची यादी पडद्यावर आली. त्यात ताईंचं नाव, सोसायटीचं नाव, तारीख. शोधायला सोपं जावं म्हणून फाइलला ते नाव मीच दिलं होतं. समोर बसलेली एक मैत्रीण त्याच सोसायटीत राहायची. तिने बाहेर काही सांगितलं नाही, हे माझं नशीब. आणि ताईंचंही.

फोन नवा होता, अपडेट केलेला होता, बोटाच्या ठशाने उघडत होता. तो कुणीही हॅक केला नव्हता.

म्हणून सुरक्षिततेवरची मार्गदर्शनं वाचताना मला एक गोष्ट खटकते. ती साधारण दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार खरेदीचा. अँड्रॉइड की आयफोन, हाच वाद. त्यात कामाचा मुद्दा एकच असतो: सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? पिक्सेल 8 आणि गॅलॅक्सी एस 24 पासून त्या मालिकांना सात वर्षांचं आश्वासन आहे. पुष्कळ स्वस्त फोनना त्याहून बरंच कमी. त्यामुळे सेकंडहँड फोन घेताना कॅमेऱ्याआधी सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन वर्षं जुनी असेल तर सौदा स्वस्त नाही.

दुसरा प्रकार संपूर्ण गोपनीयतेचा. गूगल काढून टाका, फोनवर ग्राफीनओएस चढवा, वगैरे. यातलं तांत्रिक ज्ञान बहुतेकदा पक्कं असतं. पण इथे वाचक आणि गुपिताचा मालक एकच माणूस धरलेला असतो. तुमचं तसं नाही. तुमच्या फोनमधलं गुपित दुसऱ्याचं आहे. तुमच्यावर विश्वास टाकताना त्या माणसाने तुमचा फोन बघितलेला नसतो.

"आमच्यावर कोण पाळत ठेवणार?" असंही तुम्ही म्हणाल. पुण्यात बसून तरी असं म्हणू नये. भीमा कोरेगाव प्रकरणात 2018 मध्ये पुणे पोलिसांनी आरोपींची उपकरणं जप्त केली. पुढे बचाव पक्षाच्या विनंतीवरून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासली. लॅपटॉपवर असलेल्या त्यांच्या आयफोनच्या बॅकअपमध्ये पेगॅससच्या खुणा मिळाल्याचं तिचं म्हणणं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या म्हणण्याचं काय करायचं ते न्यायालय ठरवेल. आपल्यासाठी यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची: तपासला गेला तो फोन नव्हता, फोनची प्रत होती. फोनमधलं फोनमध्येच राहतं, हा आपला भ्रम आहे.

तेव्हा आधी प्रती कुठे कुठे जातात ते कागदावर लिहून काढा. वस्तीत काढलेला फोटो आपोआप क्लाउडवर जातो, आणि लोकेशन चालू असेल तर जागेसकट. व्हॉट्सॲपचं बोलणं एन्क्रिप्टेड असतं, पण त्याच्या क्लाउड बॅकअपचं एन्क्रिप्शन तुम्हाला वेगळं चालू करावं लागतं. ती सोय 2021 पासून आहे. मुलाखतीचं आपोआप टंकन करणारी पुष्कळ ॲप आवाज स्वतःच्या सर्व्हरवर पाठवतात. आणि बुधवार पेठेत स्क्रीन बदलायला टाकताना पिन चिठ्ठीवर लिहून देतो तो आपणच.

यादी झाली की सेटिंगचं काम अर्ध्या तासाचं. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद. फोटोंचा बॅकअप फील्डवर्कपुरता बंद. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू द्यायचा नाही. पिन किमान सहा आकडी, आणि जन्मतारीख नको. रेकॉर्डिंगला नाव नाही, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी कागदी वहीत, घरी. त्याच संध्याकाळी रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर हलवून फोनमधून पुसायचं. कचरापेटीतूनही. दुरुस्तीला देण्याआधी फोन रिकामा करायचा. यातल्या बहुतेक गोष्टी दहा हजारांच्या फोनवरही होतात.

कायदा हे तुमच्यासाठी करणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सवलत आहे. पण ताईंचं काम जाणार की राहणार, हे त्या सवलतीने ठरत नाही.

आता तुमचं संमतीपत्र काढा. त्यात ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल’ असं वाक्य असणार. माझ्याही होतं, विभागाच्या नमुन्यातून जसंच्या तसं उचललेलं. कोण ठेवणार, कुठे, किती दिवस, काहीच नाही. आता मी लिहिते: "तुमचा आवाज माझ्या फोनमध्ये आज संध्याकाळपर्यंत राहील. नंतर तो कुलूपबंद ड्राइव्हवर जाईल. त्यावर तुमचं नाव नसेल. प्रबंध झाल्यावर तो पुसला जाईल. त्याआधी कधीही पुसायला सांगू शकता."

हे वाक्य लिहायला बसलात की आपला फोन काय काय करतो, हे तुम्हाला शोधावंच लागतं. ते खरेपणाने लिहिता आलं, तर हातातला फोन चालेल. नाही आलं, तर नव्या फोनचे पैसे वाचवा आणि मुलाखत पुढच्या आठवड्यात घ्या.