कोरस म्हणजे समाजसेवा नव्हे

बर्मिंगहॅम ऑपेरा कंपनीचे पालिका अनुदान बंद झाल्यावर तिच्या बाजूने जे लिहिले गेले, त्यावर मी पालिकेवर वैतागलो त्यापेक्षाही जास्त वैतागलो. समूहगानाने एकटेपणा कमी होतो, दवाखान्यांवरचा ताण हलका होतो, कलेवरचा पौंड हॉटेलांच्या गल्ल्यात परत येतो... असेलही. पण ऑपेरा कसा होता, याबद्दल या कैवाऱ्यांच्या तोंडून एक अक्षर नाही.

बोलण्यासारखे तर पुष्कळ आहे. कंपनीचा संस्थापक-दिग्दर्शक ग्रॅहम विक याने ला स्काला आणि ग्लाइंडबोर्न ही ऑपेरागृहे गाजवली, पण माझ्या मते त्याचे अस्सल काम या शहरातल्या ओस कारखान्यांत आणि वखारींत झाले. 1987 साली फिरती मंडळी म्हणून कंपनीची सुरुवात, पुढे शहरातच मुक्काम. खुर्च्या नाहीत, पडदा नाही. प्रेक्षक उभे; खेटून उभा असलेला माणूस एकाएकी गाऊ लागतो, तेव्हा कळते की हा कोरसमधला. गाणे शिकलेले असण्याची अट नाही. असे हौशी नागरिक मोठ्या संख्येने, आणि त्यांच्यासोबत व्यावसायिक गायक व सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्राचे वादक.

याला ‘उपक्रम’ म्हणणाऱ्यांनी मुसोर्गस्की नीट ऐकलेला नाही. ‘खोवान्श्चिना’चा खरा नायक जमाव आहे. नाट्यगृहातला पगारी कोरस जमावाचे सोंग आणतो. सगळ्यांचे तोंड एकाच मापाने उघडते. 2014 साली कॅनन हिल पार्कातल्या तंबूत कंपनीने तो ‘खोवान्स्कीगेट’ या नावाने केला, तेव्हा जमावाला सोंग आणावे लागले नाही. वये वेगळी, अंगे वेगळी, इंग्रजीचे हेल वेगळे. स्वर कुठे खरखरीत झाला तर ती उणीव नव्हे, ती त्या संगीताची गरज आहे. पुढच्याच वर्षी टिपेटचा ‘द आइस ब्रेक’. त्यातली वांशिक दंगल एकाच वर्णाच्या कोरसने मुखवटे चढवून करायची, की जिथे अनेक वर्ण शेजारी राहतात त्या शहराने स्वतः करायची? 2009 च्या ‘ऑथेल्लो’त रोनाल्ड सॅम या कृष्णवर्णीय टेनरने मुख्य भूमिका गायली. ब्रिटनच्या व्यावसायिक ऑपेराला तोवर हे सुचले नव्हते, यातच सगळे आले.  

लोकांना कलेत ओढण्याचा दावा करणाऱ्या बाकीच्यांचे काय? मोठ्या ऑपेरागृहांचे ‘शिक्षण विभाग’ शाळेच्या सहलींपुरते. भिंतींवर व्हॅन गॉ फिरवणाऱ्या ‘इमर्सिव्ह’ जत्रा कलेच्या खात्यात धरायच्या कशाला? बेघरांबरोबर काम करणारी स्ट्रीटवाइज ऑपेरा प्रामाणिक आहे, एवढे नोंदवतो.

विक 2021 मध्ये कोविडने गेला. संस्थापकाबरोबर संस्थाही जाणार, अशी कुजबूज होती. जुलै 2024 मध्ये बर्मिंगहॅमच्याच अल्पेश चौहानच्या संगीत दिग्दर्शनाखाली टिपेटचा ‘न्यू इयर’ उभा राहिला आणि कुजबूज खोटी ठरली. तोवर अनुदानाला कात्री लागलेली होती. सप्टेंबर 2023 मध्ये पालिकेने दिवाळखोरीसमान कलम 114 ची नोटीस काढली. मार्च 2024 च्या अंदाजपत्रकाने कलासंस्थांचे अनुदान 2024-25 साठी निम्मे आणि 2025-26 साठी शून्य केले. बॅले, ऑर्केस्ट्रा, रेप थिएटर, आयकॉन गॅलरी, ऑपेरा कंपनी, सगळ्यांना एकच माप.

एकच माप म्हणजे न्याय, असे फक्त हिशेबनीसाला वाटते. बॅले नाताळात ‘नटक्रॅकर’ची तिकिटे विकतो, रेपकडे स्वतःचे नाट्यगृह आहे. ऑपेरा कंपनीचे भांडवल म्हणजे माणसे, आणि ती दोन प्रयोगांच्या मधल्या काळात टिकवावी लागतात: वस्त्यांमध्ये जाऊन बोलावणे, कामावरून थकून आलेल्याला तालमीला बसवणे, गळालेल्याला पुन्हा फोन करणे. हा खर्च कुठल्याही ‘प्रकल्प अनुदाना’च्या रकान्यात बसत नाही. आर्ट्स कौन्सिलने 2020 ते 2030 च्या धोरणात प्रत्येक नागरिकाच्या सर्जनशीलतेचा जप चालवला आहे. ते धोरण लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी हे शहर ते गात होते.

आणि सर्वांत संतापजनक युक्तिवाद: बायकांच्या समान वेतनाची थकबाकी द्यायची, मग ऑपेराला पैसे कुठून? 76 कोटी पौंडांपर्यंतच्या देण्याचा 2023 मधला अंदाज दाखवला की सभागृह गप्प. कचरा उचलणाऱ्या पुरुषांना बोनस आणि स्वयंपाकिणी, सफाई कामगार, शुश्रूषा करणाऱ्या बायका कोरड्या, हा भेद पालिकेनेच केला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. ओरॅकलची संगणक प्रणाली फसली, तीही तिच्याच हातून. 2010 नंतर लंडनच्या केंद्र सरकारने पालिकेचे अनुदान आटवले, ते वेगळेच. या तिन्हींत एकाही गायकाचा हात नाही. तरी कामकरी बाईचा पगार एका पारड्यात आणि तिच्याच शहराचा कोरस दुसऱ्या पारड्यात टाकून, ‘निवडा’ म्हणायचे! जणू स्वयंपाकघरातून सुटल्यावर तिला मुसोर्गस्की गाण्याचा हक्कच नाही. पगार तिचा होता आणि कोरसही तिचाच आहे. पालिका दोन्ही देणे लागते, आणि कोरसचे देणे द्यायचे तर ते प्रयोगागणिक नव्हे, वर्षभराच्या तालमींसाठी द्यावे लागेल.