सेकंदाला किती, पण कसलं?

नेटवर्क स्टोरेज घ्यायला गेलात की विक्रेता एक आकडा पुढे करतो: सेकंदाला इतकी ऑपरेशन्स. कसली ऑपरेशन्स, हे आमच्या लॅबने विचारलं नाही. तारासोव्ह, हिल्डब्रँड, क्युनिंग आणि झॅडोक यांचा २०१३ च्या फास्ट परिषदेतला पेपर मी खरेदीनंतर वाचला, हे दुर्दैव.

त्यांचा मुद्दा सरळ आहे. तेव्हाचा प्रमाण बेंचमार्क होता स्पेक एसएफएस २००८. त्याच्या एनएफएस भारात वाचन १८ टक्के, लेखन १० टक्के. बाकी सगळं मेटाडेटा, म्हणजे नाव शोधणं, परवानगी तपासणं वगैरे. माणसं थेट फाइली उघडत असतील तर ठीक. पण व्हर्च्युअल मशीनची अख्खी डिस्क ही सर्व्हरच्या दृष्टीने एकच भलीमोठी फाइल असते. आतल्या मशीनने हजार फाइली उघडल्या तरी बाहेर दिसतं फक्त त्या एका फाइलमधलं वाचन-लेखन. मेटाडेटा जवळपास गायब! शिवाय दहा मशीन्सचं सलग वाचन एकमेकांत मिसळलं की त्यातली सलगता जाते. म्हणजे जुना आकडा वेगळ्याच कामाचा होता. पेपरचा हा भाग मला पूर्ण पटतो.

लेखनाचं दुखणं आणखी वेगळं. डेटा डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हरने ‘झालं’ म्हणू नये, हा ‘सिंक’चा नियम. ते हळू चालतं म्हणून लिनक्सच्या एक्सपोर्टमध्ये ‘असिंक’ लिहायचा मोह होतो. मग डेटा मेमरीत असतानाच सर्व्हर ‘झालं’ म्हणून मोकळा. आम्ही तेच केलं, आणि एका दुपारी वीज गेली. दोन मशीन्स परत उठलीच नाहीत. एकावर मैत्रिणीचं तीन आठवड्यांचं सिम्युलेशन होतं.

पेपरबद्दल माझी तक्रार अशी, की त्यातला भार तयार साधनांनी निर्माण केलेला, एका लयीत चालणारा आहे. खऱ्या लॅबमध्ये सोमवारी सकाळी सगळे एकदमच मशीन चालू करतात. स्पेकने एसएफएस २०१४ मध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉपचा वेगळा भार आणला खरा, पण तोही स्थिरावलेल्या अवस्थेतलाच. सकाळची पहिली दहा मिनिटं त्यातही मोजली जात नाहीत!

पुढच्या खरेदीत मी विक्रेत्याला म्हणणार आहे: ‘सिंक’ चालू ठेवा, तीस मशीन्स एकदम बूट करा आणि सगळ्यात उशिरा उठलेल्या मशीनला किती वेळ लागला ते दाखवा.